भर पावसात कोरडी भिंत

बाबा, भिंत कोरडी आहे, आणि म्हणून मला भीती वाटते आहे.

तीन दिवस झाले, पाऊस उघडलेला नाही. मी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून हे लिहिते आहे, नकाशाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर. रस्त्यापलीकडे अंगणवाडी आहे आणि तिच्या मागे, चार पावलांवर, मी बांधलेली भिंत. अंगणवाडीच्या पत्र्यावरून पाणी धो धो पडतंय, रस्त्यावरून गढूळ लोट चाललेत, आणि भिंतीच्या पायथ्याशी जो पाइप तोंड बाहेर काढून बसलाय त्यातून एक थेंब येत नाही. गावातल्या लोकांना याचं फार कौतुक. "एक थेंब नाई गळत मॅडम, मजबूत काम केलं तुमी," असं परवा एकाने मला थांबवून सांगितलं. मी मान हलवली आणि परत त्या पाइपाकडे बघायला गेले. तुम्ही असता तर तुम्हीही आधी शाबासकीच दिली असती. तीस वर्षं पाणी अडवायला तलावाच्या मातीच्या पारी बांधल्या आणि त्यांची गळती बुजवली तुम्ही. पाणी न गळणारं काम दिसलं की तुमचा चेहरा खुलायचा. पण मग तुम्ही पायथ्याशी उकिडवे बसला असता, आणि पुढे काय म्हणाला असता ते मला नीट ठाऊक आहे.

अशी भिंत तुम्ही पाहिलेली नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात या लोकांचं गाव गेलं तेव्हा यांना हे टेकाड मिळालं. उतार कापून घरांना जागा काढली आणि मागे मातीचा कडा तसाच उभा राहिला. पुढे त्याच कड्याखाली अंगणवाडी बांधली. त्या कड्याला टेकू देण्याचं काम आमच्या ठेकेदाराला मिळालं, म्हणजे मला मिळालं, कारण त्याला भिंतीतलं काही कळत नाही. साच्यात पाडलेले सिमेंटचे ठोकळे येतात, एकेक धानाच्या अर्ध्या पोत्याएवढा जड. मध्ये चुना नाही, सिमेंटचा माल नाही, नुसते एकावर एक रचायचे. प्रत्येकाला मागे एक ओठ असतो. तो खालच्या ठोकळ्याला अडकतो आणि दर थर बोटभर मागे सरकतो. अशी ती भिंत मातीकडे रेलून उभी राहते. तुम्ही म्हणाला असता, "काय वं बाई, लेकरायचा खेळ मांडला का?" पण खेळ नाही तो. मुरूम चोपून पाया केला, पहिला थर जमिनीत गाडला, पाणसळ लावून एकेक ठोकळा सपाट बसवला. दर दोन थरांनी प्लास्टिकची मजबूत जाळी मागच्या मातीत माझ्या उंचीइतकी आत नेली आणि वर वीतवीतभर माती टाकून चोपली. ठोकळ्यांच्या पाठीशी हातभर रुंद धुतलेली खडी भरली, आणि खडीच्या तळाशी भोकांचा पाइप टाकला. हा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच की मागे आलेलं पाणी तिथे थांबू नये. मातीचा भार ठरलेला असतो. पाणी मात्र मागे उभं राहिलं की पुढे रेटतच राहतं, आणि ठोकळे रचणाऱ्याला ते दिसत नाही.

दहा थर. शेवटचा थर बसला त्या दिवशी मी तुमचा ओळंबा सोडून पाहिला होता. तोच पितळी ओळंबा, डिप्लोम्याचा निकाल आला तेव्हा तुम्ही चुलीपाशी बसून चिंचेने घासला होता आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला होता. आई म्हणाली, "पोरीले असं देते का कोनी? साडी तरी आनायची." तुम्ही भात कालवत म्हणालात, "साडी कोनीबी देईन." मला तेव्हा साडीच हवी होती, हे आता सांगायला हरकत नाही.

चूक नकाशातच झाली. पाइपाचं तोंड भिंतीच्या टोकाला, नाल्याकडे काढायचं होतं. पण मधे एका म्हातारीची वाडी होती, तिच्यात तिची वांगी उभी होती, आणि ती काही केल्या खणू देईना. दोन दिवस बसून तिची समजूत घालता आली असती. मी कंटाळले आणि नकाशातच पाइप मधून बाहेर काढला, थेट अंगणवाडीच्या मागच्या दाराकडे तोंड करून. मनात म्हटलं, कितीसं पाणी येणार? उन्हाळ्याच्या शेवटी दोन दिवस अवकाळी पाऊस झाला आणि पाइप वाहायला लागला. मागच्या अंगणात रबरबीत चिखल झाला. अंगणवाडीची सेविका फणकाऱ्याने म्हणाली, "मॅडम, हे काय करून ठेवलं? लेकरं इथूनच हात धुवायले जातेत." आणि तिसऱ्या दिवशी उद्घाटन. साहेब येणार, सरपंच येणार, फीत कापणार.

रचाईच्या कामावर मी आपल्या काकांना बोलावलं होतं. तुमच्या जोडीने आयुष्यभर पारीवर राबलेला माणूस. आता सत्तरी ओलांडली तरी लाखांदूरहून एसटीने यायचे आणि सावलीत बसून कामावरच्या पोरींना ठोकळे कसे धरायचे ते सांगायचे. त्यांनी तो वाहता पाइप पाहिला, सांध्यांतून झिरपणारं पाणी पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "काहून वं माय, भिताड रडून कायले राहिलं? लोकं म्हणतीन, पारवाल्याच्या पोरीचं काम गळते. तुह्या बापाचं नाव आहे ना इकडं." मी त्यांना समजावलं की ही पार नाही, हिच्या मागे पाणी साठवायचं नाही, हिला वाहू द्यायचं असतं. बोलता बोलता माझं मलाच ते पटेना. कारण मी तुमची पोर. चौदाव्या वर्षी मी पारीच्या पायथ्याच्या ओलीत काडी खुपसून पाण्याची धार काढली होती, गंमत म्हणून, तेव्हा तुम्ही माझा हात धरून मला अख्ख्या पारीवरून चालवत नेलं होतं आणि म्हणाला होतात, "गळू देनं कोनालेबी येते. रोकनं आपल्याले येते." त्या दिवशीचा तुमचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

तर उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाइपात मातीचा बोळा बसला. तलावातली चिकण माती, त्यात बारीक तोडलेली धानाची तणस, पायाने तुडवून लोण्यासारखी केलेली. बांबूने हातभर आत ठोसली, वर दगडाची पाचर. खालच्या पाच थरांच्या सांध्यांतही तीच माती अंगठ्याने दाबून भरली गेली. सकाळपर्यंत अंगण सुकलं. साहेबांनी भिंतीवर हात फिरवला आणि वा म्हणाले. ठरलं होतं की कार्यक्रम झाला की बोळा काढायचा. मग दुसऱ्या गावचं काम आलं, धानाची रोवणी सुरू झाली, मजूर मिळेनात. आणि खरं सांगायचं तर कोणी तक्रार केली नाही. कोरड्या अंगणाची कोण तक्रार करतं?

परवा मी सहज म्हणून आले. भिंतीला कान लावला तर आत बारीक कुरकुर, दातात खडा आल्यासारखी. वरच्या थरावर फळी दोन हात पुढे काढून तिच्या टोकाला ओळंबा सोडला आणि दोरीपासून एकेका थराचं अंतर मोजलं. पूर्वीचे आकडे वहीत होते. चौथा थर दोन बोटं पुढे आलाय. पुन्हा मोजलं, दोन बोटं. काल सकाळी मोजलं तेव्हा अडीच. आणि सहाव्या थराच्या सांध्यात ओल दिसली. खाली ठणठणीत कोरडं आणि माझ्या छातीच्या उंचीवर ओल. म्हणजे तिथपर्यंत पाणी उभं आहे, बाबा, भिंतीच्या मागे, आणि पुढे अंगणवाडीच्या मागच्या दारात लेकरांच्या चपला एका ओळीत काढलेल्या. मी त्या चपला बघितल्या.

आणि सेविकेवर ओरडले. "उचला लेकरं, आत्ताच्या आत्ता!" ती बिचारी खिचडी वाढत होती. "काहून? आता तं कोरडं होऊन राहिलं ना सगळं?" "कोरडं आहे म्हणूनच म्हणते!" तिला काही समजलं नाही, पण माझा चेहरा पाहून तिने पातेलं उचललं. बावीस लेकरं समाजमंदिरात आणली. आजही ती इथे माझ्या पाठीमागे गाणं म्हणताहेत. एक मुलगी दर थोड्या वेळाने येऊन विचारते, भिंत पडली का? मी नाही म्हणते, आणि दर वेळी नाही म्हणण्याआधी एकदा तिकडे बघून घेते.

ठेकेदाराला फोन केला. मशीन आणतो म्हणाला, पण त्याच्या बाजूच्या रस्त्यावर नाल्यावरून पाणी चाललंय, मशीन आज काही येत नाही. वरून खणायचं तर त्या भिजलेल्या मातीवर माणसं उभी करायची माझी छाती नाही. राहिलं एकच. पाइपाचं तोंड मोकळं करायचं, म्हणजे मागचं पाणी हळूहळू उतरेल. पण बोळा पक्का बसलाय, बाजूने सळई घातली तर ती पाइपाला घासते, आत जात नाही. ज्याला तो काढायचा त्याला अगदी समोर, त्या पोट पुढे काढलेल्या चौथ्या थरापुढे उभं राहावं लागणार.

अशा वेळी तुम्ही काय करायचात ते मला काल दुपारपासून आठवतंय, आणि आठवताना स्वतःचा राग येतोय. पावसाळ्यात रोज सकाळी तुम्ही मला सायकलवर घेऊन पारीच्या पाठीमागे जायचात. आधी तुडुमाचं दार बघायचं, जिथून शेतांना पाणी सोडतात ते. मग पायथ्याशी बसून, जिथे जरासं पाझरत असे तिथलं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि उजेडाकडे धरायचं. "साफ आलं तं घरी जाऊन जेवाचं. गढूळ आलं तं गावाले उठवाचं." मी विचारलं होतं, आणि काहीच नाही आलं तर? तुम्ही ओंजळ पुसत म्हणालात, "मंग मले भेव वाटते." रोखणारा माणूस थोडं पाणी वाहताना बघूनच निश्चिंत घरी जायचा. हे मी रोज डोळ्यांनी पाहिलं, आणि लक्षात ठेवला तो पारीवरून हात धरून नेलेला एक दिवस.

काका आज सकाळी आले, निरोप मिळताच, पहिल्या एसटीने, पोतं पांघरून. सरपंच आणि चार माणसं इथेच ओट्यावर जमली होती. कोणी बुजवला पाइप, असा प्रश्न निघाला. मी वहीत आकडे बघत होते. काका म्हणाले, "मीच बुजवलो. मले वाटलं पारीसारखीच राहीन. माहीच चुकी." कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्यांना नव्या कामात घेऊच नये. सरपंच म्हणाले, "तुमीच बुजवले तं तुमीच काढा मंग." काकांनी मान हलवली. तेव्हापासून ते माझ्या शेजारी बसलेत, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, पाऊस जरा कमी व्हायची वाट बघत. मला म्हणाले, "तू नोको येऊ जवळ. तुह्या बापाले मी काय तोंड दाखवू?"

हा कागद कुठे पाठवायचा नाही; तुम्ही गेलात तिथला पत्ता कोणाजवळ नाही आणि असता तर मी हे लिहिलंही नसतं. म्हणून सांगते. त्या दिवशी काका बोलले फक्त. बोलून ते चहाला गेले. माती मी आणली, तणस मी तोडली, साडी खोचून ती माती मी पायाने तुडवली, अंगणवाडीच्या मागे, एकटीने, आणि बोळा मी ठोसला. धार बंद झाली तेव्हा मला इतकं बरं वाटलं बाबा, की मी तुम्हाला हाक मारणार होते. काकांना हे माहीत आहे. परत आले तेव्हा त्यांनी माझे चिखलाचे पाय पाहिले होते.

पाऊस जरा कमी झालाय. काका उठले, सळई उचलली. ओट्यावरून ते रस्त्यावर उतरले आहेत. ती सळई त्यांच्या हातून काढून घ्यायची आहे मला, आणि सगळ्यांसमोर का ते सांगायचं आहे, आणि माझे पाय अजून ओट्यावरच आहेत. हे वाक्य संपलं की उठते.