मागचा आवाज

ती. बद्रीनाथकाका,

तुमच्या तेराव्याला मी चकलांब्याला आले नाही. बस चुकली असं कळवलं, ते खोटं होतं.

बाबांच्या गोंधळात तुम्ही तीस वर्षं मागं उभं राहून तुणतुणं वाजवलंत. बाबांची ओळ संपली की तिचं शेवटचं टोक तुम्ही उचलायचं, तेवढ्यात त्यांनी दम घ्यायचा. लोक बाबांच्या पाया पडायचे. तुम्हाला कुणी चहा घेतला का, एवढंही विचारत नसे.

तेलगावच्या लग्नात बाबांचा आवाज बसला, तेव्हा सबंध गोंधळ तुम्ही मागून गायलात. बाबा पुढं नुसते ओठ हलवत होते. मी मोबाइलवर भरून घेत होते. नंतर तुम्ही हसत म्हणालात, "गळा कुणाचा का असंना, देवीला पोचलं न्हवं? बोलू नको कुठं, पोरी."

मी बोलले नाही. बाबांच्या माघारी पुरस्कारासाठी तेच रेकॉर्डिंग पाठवलं. बाबांचा शेवटचा गोंधळ म्हणून आमच्या घरी येणारे लोक अजून ते ऐकतात आणि डोळे पुसतात.

काल तुमच्या पप्पूचा फोन आला.

"आक्का, आबाचा आवाज कुठं भरलेला हाय का? घरात एक ओळ बी न्हाई. आई लई मागं लागलीय."

"न्हाई रे," मी म्हणाले. "बाबांच्या शेवटच्या गोंधळात त्यांचं तुणतुणं तेवढं ऐकू येतं."

"तेवढं बी चालंल. पाठव."

अजून पाठवलेलं नाही, काका. काकू पहिल्याच ओळीला ओळखतील.

तुमच्या शब्दाआड लपलेली,
रोहिणी