मामाने बिघडवलेले स्पीकर

३ जून
बाबांचे स्पीकर माळ्यावरून खाली आले. दोन पेट्या. एक उतरवतानाच नवरा "पाठ, पाठ" करत खाली बसला. दुसरी मी आणली! बाबा खुर्चीतून म्हणाले, "जपून. आधीच तुझ्या मामानं त्यांची वाट लावलीय."

एकतीस वर्षं हे वाक्य ऐकतेय. मामाने मित्रांच्या पार्टीला स्पीकर नेले, सकाळी परत आणून ठेवले, संध्याकाळी ऑफिसातून येऊन बाबांनी लावले, तर खालचा घुमणारा आवाज गायब. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आई गेली तेव्हासुद्धा समोरासमोरच्या भिंतींना टेकून उभे होते.

पुढच्या महिन्यात बाबांना ऐंशी पूर्ण. स्पीकर नीट वाजले तर राग उतरेल, मामाला बोलावता येईल — असा माझा डाव आहे.

५ जून
स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची फोमची कडा बोट लावताच भुगा झाली.
"बघ! मामा!"
वयाने झिजते हो बाबा, म्हटलं. "वय काय फक्त माझ्याच वस्तूंना होतं?"

८ जून
नवी कडा चिकटवली. चोवीस तास हात लावायचा नाही. बाबांनी तेवढ्यात सात वेळा "सुकलं का" बघितलं. उजव्या पडद्यावर त्यांचा अंगठा कायमचा उमटलाय.

१० जून
वाजले! पण पोकळ. एकेकटा लावला की दणदणीत, दोन्ही मिळून लावले की घुमारा गुल. नवरा म्हणाला, "आपल्या घरच्या माणसांसारखंच आहे." त्याला भाजी निवडायला बसवलं.

११ जून
कोपऱ्यावरच्या रेडिओवाल्या काकांना विचारलं. ऐकून हसलेच. "एक पुढे ढकलतोय, दुसरा मागे ओढतोय. एकाच्या तारा उलट लागल्यात. तारांच्या टोकांना पेन्सिल सेल टेकवून बघा — दोन्ही पडदे एकाच दिशेला हलले पाहिजेत."

टेकवला. डावा बाहेर, उजवा आत! बाहेरच्या तारा तर बरोबर होत्या. म्हणजे घोळ पेटीच्या आत. बाबांनी ती कधी उघडलीच नव्हती — मामाने बिघडवलंय हे माहीत असताना उघडायचं कशाला?

उजव्याची मागची फळी मी काढली. तारांच्या टोकांना सोल्डरचे दोन गोळे, बोराएवढे. कारखान्याचं काम नक्कीच नव्हे. मामाचंही नव्हे, त्याला साधा बल्ब बदलता येत नाही. एका तारेवर चिकटपट्टी म्हणून वहीचं लेबल गुंडाळलेलं. इयत्ता चौथी, तुकडी ब.

अक्षर माझं.

सगळं आठवलं. मामाने स्पीकर परत आणले त्या दुपारी, आत कोण गातंय ते बघायला मीच फळी उघडली होती. तारा निसटल्या. बाबांची सोल्डरिंगची कांडी घेऊन, दिसेल तिथे जोडून टाकल्या. तर्जनीवरचा डाग तेव्हाचा! आजवर सगळ्यांना इस्त्रीचा म्हणून सांगितला. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं होतं.

१२ जून
तारा सुलट केल्या. घुमारा आला — खिडकीची काच थरथरली. बाबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "मामानं करून ठेवलेली घाण माझ्या पोरीनं निस्तरली."

मी सांगायला तोंड उघडलं. आणि चहा घेणार का विचारलं. भित्री!

१३ जून
आजही चहाच.

१५ जून
सांगितलं. लेबल समोर ठेवलं. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. "एकतीस वर्षं," एवढंच म्हणाले. मला रडू फुटलं.

मग म्हणाले, "फोन लाव त्याला." लावला. बाबा फोनवर गरजले, "स्पीकर वाजतायत. ऐकायला ये!" आणि बंद केला. माफी वगैरे काही नाही.

१७ जून
मामा आला. बाबा उभे राहिले. "चुकलो रे."
"दाजी, मला त्याच दिवशी माहीत होतं." मग माझ्याकडे वळला. "भाजलेलं बोट नळाखाली कोणी धरलं होतं, आठवत नाही? 'बाबांना सांगू नको' म्हणून रडत होतीस. नाही सांगितलं."