ड्रमशिवायची गाणी

प्रिय दादा,

नमस्कार. मी ठीक आहे, वेळेवर जेवतो, हे आईला आधी सांग.

फर्निचरच्या कारखान्यात माझ्या शेजारचा म्हातारा सुतार दिवसभर अमेरिकाना, म्हणजे अमेरिकेतली गावाकडची गाणी, लावतो. एक माणूस, एक गिटार, आणि बंद पडलेला ट्रक नाहीतर सोडून गेलेली बायको. आपण असल्यांना रडगाणी म्हणायचो. पहिलं गाणं संपलं तरी मी आपला ड्रम कधी सुरू होतात याची वाट बघत उभा! सुतार पोट धरून हसला.

आता मीच त्याला ‘लाव’ म्हणतो. आपलं रॉक मात्र मला आता ऐकवत नाही. ड्रम सुरू झाले की पिठाच्या डब्यावर ठेका धरणारे तुझे हात दिसतात.

अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवी बोटं हलली का रे? वहिनी फोनवर ‘बरं आहे’ एवढंच म्हणते. मला रजा मिळत नाही. इतक्या लांबून मी करू तरी काय?

वहिनीला म्हणावं, तो डबा माळ्यावर टाकू नकोस. ही गाणी फार संथ असतात, दादा. यांना एक हातही पुरेल.

तुझाच,
धाकटा