खिडकीजवळची खाट

नारीन, १२ नोव्हेंबर

चोल्पोन एजे,

धाकट्या बहिणीचा सलाम. मॉस्कोत आता बर्फ साचला असेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहितेय. तुझा लेक बेक्तुर आईकडे आहे, मजेत आहे. तुझ्या सासूबाई खोकल्यासाठी इस्पितळात आहेत, आमच्याच वॉर्डात. आता बऱ्या आहेत. 'आता' का म्हटलं, ते सांगते.

नर्सिंगच्या वर्गात दमीरा बाई शिकवतात, चूक झाली की कोणी केली ते विचारू नका, ती होऊ कशी शकली ते विचारा. परीक्षेत मीही तसंच लिहिते. वॉर्डात मात्र सगळे आधी 'कोणी?' म्हणूनच ओरडतात. माझं डोकं चालेनासं झालंय.

सोमवारी माझ्या मैत्रिणीनं, एल्नुरानं, खिडकीजवळच्या खाटेवर इन्शुलिन टोचलं. तिथं साखरेचा आजार असलेली एक तरुण बाई असायची. त्या दिवशी तुझ्या सासूबाई होत्या. घामानं भिजल्या, बरळायला लागल्या. ग्लुकोज चढवल्यावर माणसं ओळखू लागल्या. एजे, मी फार घाबरले होते.

आधी नाव विचारायचं असतं. पण आपल्यात सुनेकडचं कुणी सासूचं नावसुद्धा घेत नाही, मग आजीच्या वयाच्या बाईला नाव विचारायला कुणाची जीभ रेटते? सगळ्या जणी खाट बघूनच सुई देतात. आता एल्नुराला काढून टाकणार आहेत. काल म्हणाली, "खाट बदलली कधी तेच कळत नाही गं. मी काय आंधळी आहे का?"

सासूबाईंना दाराशी जागा मिळाली होती. म्हातारं माणूस दाराशी आणि पोरगी आत मानाच्या जागी, हे मला बघवेना. मीच त्या बाईला उठवलं, उशा हलवल्या. कुणाला सांगायचं सुचलंच नाही. तूही हेच केलं असतंस ना? मग चुकलं कोण? मी, एल्नुरा, की आपली रीत? खरंच कळत नाही. मी गप्प राहिले तर एल्नुरा जाईल आणि खाट बघून सुई देणं तसंच चालू राहील, एवढंच कळतंय.

आज सुई देण्याआधी मी सासूबाईंना सगळ्यांदेखत नाव विचारलं. माझे कान तापले. त्या बघतच राहिल्या. "सुनेची धाकटी बहीण तू, आणि मला नाव विचारतेस?" मग हळूच म्हणाल्या, "बूरुल. विचारत जा बाई. त्या दिवशीही सांगितलं असतं मी."

उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. मलाही काढतील बहुतेक. तू कशावर जास्त रागावशील, खाटेवर की मी इथं त्यांचं नाव लिहिलं त्यावर, तेही मला कळत नाही.

खाट बदलणारी, तुझीच
अकमारल