पडद्यावर राहिलेला नेस्तोर

४ मार्च
आज इलोइलोला, कोन्सिंग आजींच्या घरी कामाला लागले. खोली हवेशीर आहे, खिडकीशी पपईचं झाड. जेवायला सुकी मासळी आणि लसणाचा भात. आजी मिश्कील आहेत. म्हणाल्या, "केवढी बारीक गं तू, मला उचलताना तूच मोडशील." मुलगी देलिया सेबूला असते, तिनंच मला ठेवलं. मुलगा नेस्तोर जहाजावर होता. जानेवारीत समुद्रात पडला, सापडलाच नाही.

५ मार्च
बैठकीतल्या मोठ्या टीव्हीवर फिकट डाग आहे: कपाळ, नाक, खांदा. नेस्तोर रोज सकाळी जहाजावरून व्हिडिओ कॉल करून त्यावर आईशी बोलायचा. शेवटच्या वेळी चित्र गोठलं आणि आजींनी तीन दिवस टीव्ही बंद करू दिला नाही. दुरुस्तीवाले रुबेनकाका म्हणाले, एलसीडीला ही खोड असतेच. एकच चित्र फार वेळ राहिलं की ठसा उरतो. कोरा पांढरा पडदा दिवसभर चालू ठेवला की जातो. आजी नको म्हणतात. त्या डागासमोरच ताट घेऊन बसतात. ताट गार होतं, घास काही उतरत नाही.

८ मार्च
आजी शेजारणीबरोबर चर्चला गेल्या तेवढ्यात पांढरा पडदा लावला. दुपारी डाग गेला. चोरी केल्यासारखं वाटलं. पण आज त्या पोटभर जेवल्या. एवढंच विचारलं, "कुठं बसवलंस त्याला?"

१० मार्च
माझ्या मोबाइलवर डाग आहे. फडक्यानं पुसला, जात नाही. कपाळ, नाक. सकाळपासून तीनदा फरशी पुसली.

११ मार्च
मोबाइलवरही पांढरा पडदा ठेवला, चार तास. गेला नाही. जवळ आलाय. खांदा आता मावत नाही. आजी खुशीत आहेत. ताटं तीन मांडतात —

१२ मार्च, सकाळ
देलियाचा व्हिडिओ कॉल आला. काम सोडते म्हणून सांगणार होते. ती म्हणाली, तुझा चेहरा झाकला जातोय, दादाला जरा बाजूला — आणि कॉल कट केला.

दहा वाजता
बॅग भरली. आजी दारात खुर्ची टाकून बसल्यात. म्हणतात, "हलू नकोस गं. थोडा वेळ निवांत बसलीस की झालं."
टीव्ही मी लावला नाही. पांढरा आहे. त्यावर फिकटशी मी, टेबलाशी, लिहिताना. मी मान वळवली. तिनं नाही. पुन्हा वळवते — वळत ना—