रानातली दुसरी झोपडी

ता. २८ डिसेंबर १९११, गुरुवार
सकाळी माजघरात कणगीमागे मेलेला उंदीर. माय उचलायला वाकली होती, मी ओरडलो, "शिवू नको!" चिमट्याने धरून बाहेर नेला, घासलेट ओतून जाळला. वेशीजवळच्या घरांतही पडलेत म्हणे. दुपारी दवंडी झाली, प्लेग आहे, गाव रिकामे करा. बायको गोदा भांडी बांधता बांधता रडत होती. चार वर्षांची चिमी बैलगाडीत सगळ्यांच्या आधी चढून बसली, जत्रेला निघाल्यासारखी.

ता. २९, शुक्रवार
आपल्याच शेतात नाल्याकाठी झोपडी घातली. चार मेढी, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा कूड, वर कडबा. गोदाने आतून-बाहेरून सारवले. धुऱ्यापलीकडे, बांधाला लागून, शेतशेजारी महादूची झोपडी. माणूस उगाच मोठ्याने बोलतो, पण हल्ली त्याचा आवाज बरा वाटतो. मी चावडीवर पाटलासमोर मान वर करून बोलणारा, आणि एका मेल्या उंदराने माझी पाचावर धारण बसवली. हे इथेच लिहितो. बोलायची सोय नाही.

ता. ३१, रविवार
कापसाची शेवटची वेचणी. तूर उभी आहे, हरभरा राखायचा आहे. कामे कोणासाठी थांबत नाहीत. थंडी मात्र हाडात शिरते, कुडातून वारा येतो. चिमी झोपेत कुडकुडते.
माय : "लेकरू गारठून राह्यलं. दुलई करा लागते एखांदी."
गोदा : "कापूस कुठचा आणता? हा तं सरकीचा हाय."
खरे आहे. यंदा पिंजारी कशाला फिरकतो इकडे.

ता. २ जानेवारी, मंगळवार
टोचणीचे डॉक्टर आले. माळावर टेबल मांडून बसले. म्हणाले, उंदीर मेला की त्याच्या पिसवा माणसावर येतात, घरातली चिंधीसुद्धा आणू नका. मी, गोदा, चिमी, तिघांनी टोचून घेतले. माय आधीच पसार. संध्याकाळी उगवली. "तुरीत बसली होती," म्हणाली. "पिसू तं कुत्र्याच्या आंगावरही असते. मंग त्यालेही टोचा!" सगळे हसले. मीही हसलो.

ता. ४, गुरुवार
अनसिंगच्या बाजारातून मीठ-मिरची घेऊन आलो तर चिमी नव्या दुलईत गुरफटून झोपलेली. माय शेजारी कौतुकाने पाहत बसलेली.
"कापूस कुठचा, माय?"
"घरचाच. दिवाईत पिंजून ठेवला होता ना, कणगीमांगच्या गाठोड्यात. वाया कायले जाऊ देऊ?"
कणगीमागे. म्हणजे परवा ती तुरीत नव्हतीच, गावात गेली होती. रिकाम्या गावावर पहारा देणारा कोतवाल जेवायला गेला ते पाहून कुलूप काढले. आम्ही शेतात कामाला गेलो की शिवत बसायची.
चिमीला ओढून काढले, दुलई धुऱ्यावर नेऊन पेटवली. पोर भोकाड पसरून रडली. माय मागून धावत आली. "माह्या हातचं जाळतं काय रे, मेल्या!" मेल्या म्हणाली आणि लगेच स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

ता. ५, शुक्रवार
सगळ्यांचे कपडे उकळले. माय माझ्याशी बोलत नाही. मी दिवसभर चिमीच्या मागे मागे. जीव टांगणीला.

ता. ६, शनिवार
चिमीला ताप. गोदा म्हणाली, "तुमी पाहा. माह्यानं नाई होत." देवाचे नाव घेऊन बगलेत हात घातला. गाठ नाही. जांघेत नाही. दुपारी पुन्हा पाहिले. पुन्हा नाही. महादूने धुऱ्यावरूनच विचारले आणि आपले बैल पलीकडे नेऊन बांधले. राग आला नाही. मीही तेच केले असते.

ता. ७, रविवार
ताप उतरला! नाक गळते आहे, साधे पडसे. हुरडा मागते. नाल्यात उतरून एकटाच रडलो. मग मायला सांगायला गेलो, गोड बोललो, ती हसली. पण जेवली नाही. "आज उपास हाय माहा." रविवारचा उपास ती कधी करत नाही. गोदाकडे पाहिले, तिने मान खाली घातली.

ता. ८, सोमवार
मायने अंथरूण बाभळीखाली नेले. "आतमंदी धूर होते." पाय ओढत चालते. जवळ जायला लागलो तर तिने ढेकूळ उचलले. "तिथंच थांब! चिमीले इकडे येऊ नको देजो." अंग भाजत असावे, डोळे लाल आहेत. गाठ आहे का, विचारायची हिंमत झाली नाही. महादू डॉक्टरला आणायला गेला. मला भीती वाटते आहे. प्लेगची नाही, मायची. जिने मला जन्म दिला तिची.

ता. ९, मंगळवार
डॉक्टर दुसऱ्या गावी, उद्या येतील म्हणे. दुसरी झोपडी घातली, बाभळीला लागून. महादू मेढी धुऱ्यावर टाकून गेला. गोदा कडबा वाहत होती. माय पडल्या पडल्या ओरडून सांगे, मेढ खोल गाड, कूड दाबून बांध. आवाज निम्माच राहिला आहे. "अन् दार नाल्याकडून ठेवजो. तुमच्याकडून नको."
दार मी आमच्याच बाजूला ठेवले. तिने पाहिले. सरपटत आत गेली.
आता पाणी मागते आहे. गोदाने लोटा भरून माझ्याजवळ ठेवला. म्हणाली, "दारात ठेवून या फक्त." पुन्हा हाक आली. एवढे लिहून उठतो.