पाठ फिरवून टाकायची चौकट

सर, तुमची ती लोखंडी सळईची चौकट अजून माझ्याकडे आहे. नाशिकच्या फ्लॅटमध्ये कपाटामागे उभी असते. कामाच्या मावशी दर दिवाळीला विचारतात, "ताई, भंगारात देऊ का?" आणि मी नको म्हणते. काल ती पुसायला बाहेर काढली आणि नांदगावचा माळ डोळ्यांपुढे आला. तुम्ही पाठ फिरवून उभे राहता, चौकट खांद्यावरून मागे भिरकावता, आणि ती जिथं पडेल तिथं गुडघे टेकून आतलं गवत मोजायला बसता. माझ्या पहिल्याच दिवशी ती खडकावर पडली होती. मी हळूच शेजारच्या हिरव्या गवतात सरकवली, तर केवढे चिडलात! "धोंड्यावर पडली तर धोंडा लिहायचा. डोळ्यांना आवडनिवड असते, म्हणून तर पाठ फिरवायची." मग स्वतःच ओशाळून डब्यातला लाडू माझ्या हातावर ठेवलात. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर वर्तमानपत्रं अंथरून आपण गवताच्या जुड्या वेगळ्या करत बसायचो. गुरांना आवडणारी पवन्या एकीकडे, टोचरी कुसळी दुसरीकडे. माळ खंगला की पवन्या हटते आणि कुसळी पसरते, हे मी त्या ओट्याशी शिकले. काकू म्हणायच्या, "भाकरीत कुसळ निघालं तर ती भाकरी तुम्हा दोघांच्याच ताटात." तुम्ही मान खाली घालून हसायचात.

नंतर तुमचा मोतीबिंदू वाढला आणि लागोपाठ दोन पावसाळे तुम्ही मला एकटीला माळावर पाठवलंत. अनुदानाची मुदत संपत आली होती. कुसळी तर वाढतच होती. मला वाटायचं, असल्या रडक्या अहवालाला पुढे पैसे कोण देणार? म्हणून मी पाठ फिरवली नाही, सर. पवन्या कुठं दाट आहे ते बघून चौकट ठेवली. दोन्ही वर्षं. शेळ्या चारणारी एक आजी रोज बघायची. एकदा म्हणाली, "बाई, तिकडं पघ की जरा. निस्ती कुसळी हाय. हितं एवढुशा तुकड्यात काय मोजती?" मी हसून वेळ मारून नेली.

अनुदान देणाऱ्या समितीचं उत्तर आलं. माळाची स्थिती समाधानकारक आहे, सबब पुढील अभ्यासाची गरज दिसत नाही. माणसं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात, मी तो तुमच्या पायावर पाडला. तुम्ही पत्र घडी करून खिशात ठेवलंत आणि म्हणालात, "रोगी बरा झाला म्हणून वैद्याला घरी पाठवलं. चांगलंच आहे की." पुढच्याच वर्षी दुसऱ्या खात्यानं तोच माळ कागदावर पडीक ठरवला आणि अर्ध्या भागात खड्डे खणून झाडं लावली. तेव्हा हाती चालू नोंदी असत्या तर तुम्ही भांडला असतात.

मोतीबिंदू काढल्यावर तुम्ही एकटेच एसटीनं माळावर जाऊन आलात. परतताना माझ्या दारात उभे, धोतराला कुसळं चिकटलेली. "ऑपरेशन बिघडलं वाटतं गं माझं. तू पवन्या वाढलीय म्हणतेस, आणि मला तर जिकडेतिकडे कुसळीच दिसते." तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "सर, डॉक्टरांना परत दाखवून या ना." आणि तुम्ही खरंच दाखवून आलात. नवा चष्मा करून घेतलात. त्या चष्म्यातूनही तुम्हाला कुसळीच दिसली असणार, पण मला पुन्हा विचारलं नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी खूप रडले, आणि लोकांना वाटलं विद्यार्थिनीची केवढी माया.

आता अनुदान देणाऱ्या समितीत मी बसते. गेल्या आठवड्यात सटाण्याची एक संशोधक मुलगी आली होती. तुमच्याच माळावर, तुमच्याच पद्धतीनं तिला मोजणी पुन्हा सुरू करायची आहे. तुमच्या वह्या तिनं किती जपून उलटल्या! मग एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, ह्या दोनच वर्षी पवन्या एकदम कशी वाढली? आधी तर कमीच होत गेलीय." आकडे बोलतात असं तुम्ही म्हणायचात, ते तिच्याशी बोलले. मी वहीकडे बघत सांगितलं, "तेव्हा सरांचे डोळे अधू झाले होते."

तिनं चटकन मान डोलावली. आज तिचा प्रस्ताव आला. त्यात तळटीप आहे: या दोन वर्षांत ज्येष्ठ निरीक्षकांची दृष्टी अधू असल्याने नोंदी वगळल्या आहेत. तिच्या मोजणीला पैसे मिळावेत म्हणून मी शिफारस केली आणि त्या पानावर सही केली.

त्या दोन वर्षी मोजणारे डोळे माझे होते, सर, आणि ऑपरेशननंतर तुमचे डोळे चांगलेच होते. हे खरं तर तिला लिहायला हवं. तुम्हाला लिहितेय, कारण तुम्ही वाचणार नाही.